साफ केलेला तलाव दिवाळीपर्यंत पुन्हा जलपर्णीने का भरला, आणि आता काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान शहरालगत सुमारे 40 एकरांचा तलाव आहे. गेल्या मे महिन्यात नगरपालिकेने ठेकेदार नेमून पोकलेनने जलपर्णी काढली. तलाव मोकळा दिसला, सगळ्यांना बरं वाटलं. दिवाळीपर्यंत पाणी पुन्हा दिसेनासं झालं. आता गावात चार मतं आहेत: तणनाशक फवारा, जलपर्णी खाणारे किडे सोडा, गवत्या मासा सोडा, किंवा बचत गटाला खत करायला द्या. शिवाय मच्छीमार सोसायटीच्या जाळ्यात हल्ली एक काळा, खरबरीत, काटेरी मासा येतोय, तो काय आहे आणि त्याचं काय करायचं, हेही विचारलंय.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या तलावांवर जलपर्णी काढण्याची आणि ती परत येऊ न देण्याची कामं बरीच वर्षं करतोय. तुमची खरी अडचण जलपर्णी कशी काढायची ही नाही. ती तुमच्या ठेकेदाराने काढून दाखवली आहे. मे ते दिवाळी या काळात तलावावर कुणीच नव्हतं, ही खरी अडचण आहे. त्यामुळे या चारपैकी कुठला उपाय चांगला, हे ठरवण्याआधी ती परत आली कशी, ते बघू.

हिशोब गुंठ्यात करू. उबदार, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. कधी त्याहून लवकर, थंडीत बरीच सावकाश. 40 एकर म्हणजे 1600 गुंठे. समजा ठेकेदाराने इतकं चोख काम केलं की मेअखेर फक्त एक गुंठा जलपर्णी राहिली, तीही काठाच्या झुडपांत, बांधावरून न दिसणारी. एकाचे दोन, दोनाचे चार असं अकरा वेळा दुप्पट झालं की 2048 गुंठे होतात, म्हणजे तुमच्या अख्ख्या तलावापेक्षा जास्त. अकरा वेळा म्हणजे बावीस आठवडे. एक जूनपासून मोजा, नोव्हेंबर उजाडतो. प्रत्यक्षात पावसाळ्यात थोडी सांडव्यावरून वाहून जाते, दाटी झाल्यावर वेगही मंदावतो, पण त्याच वेळी वरच्या ओढ्यातून नवी येत असते. मेमध्ये कुणी कामचुकारपणा केलाच असेल असं नाही. 1600 पैकी 1599 गुंठे साफ केले तरी दिवाळीला तलाव भरतो, एवढंच हा हिशोब सांगतो.

म्हणून मी पहिल्या साफसफाईपेक्षा शेवटच्या गुंठ्याला जास्त महत्त्व देतो. पैसेही त्याच प्रमाणात वाटायला सांगतो.

हा शेवटचा गुंठा कुठे लपतो? तीन ठिकाणी. पहिलं, काठावरच्या बेशरमीत. बेशरम हीसुद्धा जलपर्णीसारखी दक्षिण अमेरिकेतूनच आलेली, आपल्या जवळजवळ प्रत्येक तलावाच्या काठावर माजलेली. तिच्या पाण्यात वाकलेल्या फांद्यांमध्ये जलपर्णीचे गड्डे अडकतात. पोकलेनची बादली तिथे नीट शिरत नाही आणि ऑपरेटरला तो कोपरा दिसतही नाही. दुसरं, ओढा तलावाला मिळतो ते तोंड. तिथे पाणी उथळ, गाळ भरपूर, मशीन रुतायची भीती, म्हणून ते टाळलं जातं. तिसरी जागा डोळ्यांना दिसतच नाही: गाळातल्या बिया.

बियांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. जांभळा तुरा सुकला की त्याचा दांडा वाकून पाण्यात जातो आणि बोंडांतल्या बारीक बिया तळाशी बसतात. एका तुऱ्यातून शेकडो बिया पडू शकतात आणि त्या गाळात पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतात. खोल, काळोख्या पाण्याखाली त्या बहुतेक झोपून असतात. उन्हाळ्यात पाणी हटतं, ओला गाळ उघडा पडतो, त्यावर ऊन पडतं, तेव्हा त्या उगवतात. ही रोपं ओळखायला शिका. त्यांना जलपर्णीसारखे गोल पान आणि फुगीर देठ नसतात. सुरुवातीला ती चिखलात मुळं धरलेल्या बारीक, चपट्या गवतासारखी दिसतात, बोटभर उंच. पाहणाऱ्याला वाटतं गवत आलंय. जूनच्या पावसाने पाणी चढलं की तीच रोपं उपटून तरंगायला लागतात, देठ फुगवतात आणि जुलैमध्ये लोक विचारतात की एवढी कुठून आली. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्या ओल्या पट्ट्यावर चार माणसं कुदळी-खुरपी घेऊन फिरली, तर पोकलेनचे कित्येक तास वाचतात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण काही गोष्टी तुमच्या प्रश्नात आलेल्या नाहीत. तलावात शहराचं सांडपाणी किती येतं? वरच्या अंगाला दुसरा एखादा जलपर्णीने भरलेला तलाव किंवा बंधारा आहे का? तलावाला मोरी आहे का, म्हणजे उन्हाळ्यात पाणी उतरवता येतं का? पाणी पिण्यासाठी जातं का, जनावरं पितात का, खाली शेतीला जातं का? आणि एखाद्या कारखान्याचं पाणी त्यात मिसळतं का? या उत्तरांनुसार खर्च आणि काळ दोन्ही बदलतात. सांडपाणी न येणारा, मोरी असलेला 40 एकरांचा तलाव दोन हंगामांत ताब्यात येऊ शकतो. दिवसरात्र नाला येतो त्या तलावात राखण कायमची ठेवावीच लागते, हे आधीच मान्य केलेलं बरं.

सांडपाण्याचा मुद्दा सगळे मांडतात आणि तो बरोबरच आहे, पण त्यात दोन गैरसमज आहेत. एक म्हणजे, सांडपाणी प्रक्रिया केंद्र झालं की जलपर्णी थांबेल. साध्या केंद्रात घाण आणि दुर्गंधी कमी होते, पण नत्र आणि स्फुरदाचा बराच भाग पाण्याबरोबर पुढे जातो, आणि जलपर्णीला तेच हवं असतं. केंद्र हवंच, पण ते स्फुरद काढणारं आहे का हे विचारा. शक्य असेल तर प्रक्रिया केलेलं पाणीसुद्धा तलावाच्या बाहेरून, सांडव्याच्या खाली काढून द्या. दुसरा गैरसमज म्हणजे, नाला वळवला की लगेच फरक दिसेल. वर्षानुवर्षं गाळात साठलेलं स्फुरद उन्हाळ्यात, तळाचा प्राणवायू संपला की, पुन्हा पाण्यात सुटतं. नाला बंद झाल्यावरही काही वर्षं तलाव स्वतःच्या गाळावर जलपर्णी पोसू शकतो. म्हणून नाला वळवण्याची आणि राखणीची कामं एकत्रच चालवायची. एकासाठी दुसरं थांबवायचं नाही.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट नगरसेवकांना आधीच सांगून ठेवा. जलपर्णी पूर्ण निघाली आणि सांडपाणी तसंच राहिलं, तर ते खाद्य दुसरं कुणीतरी खातं. पाण्यावर हिरवी-निळी साय धरते, सकाळी वास येतो, कधी मासे वर येतात. कोल्हापूरच्या रंकाळ्याने जलपर्णी आणि निळं-हिरवं शेवाळ, दोन्ही पाहिलंय. असं झालं की लोक म्हणतात, जलपर्णी होती तेच बरं होतं. ते बरं नव्हतं. दाट थराखाली उजेड जात नाही, प्राणवायू उतरतो, रोहू-कटला टिकत नाहीत आणि जाळं टाकायला जागा राहत नाही. पण ही पुढची पायरी येऊ शकते हे माहीत असावं.

आता तुमच्या गावातली चार मतं.

तणनाशकाला मी तुमच्या तलावासाठी नाही म्हणेन. टू-फोर-डीने जलपर्णी मरते, यात शंका नाही. मेलेली जलपर्णी जाते कुठे, हा प्रश्न आहे. दाट वाढ झालेल्या एका हेक्टरवर ओल्या वजनाने 200 टन आणि त्याहूनही जास्त जलपर्णी असते. तुमच्या 16 हेक्टरांवर किमान 3200 टन. ती एकदम मेली की तळाशी बसते, कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे मरतात. तिने शोषलेलं सगळं नत्र-स्फुरद परत पाण्यात येतं आणि गाळातल्या बियांची पुढची पिढी त्यावर वाढते. वर साताऱ्या-सांगलीकडची द्राक्षं आणि टोमॅटो टू-फोर-डीच्या उडत्या तुषारांना फार नाजूक असतात. काठापलीकडे बाग असेल तर भांडण आणि भरपाई दोन्ही ठरलेली. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाबद्दल सांगायचं तर 2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरता मर्यादित केला आहे. एखाद्या कार्यकर्त्याने पंप पाठीला लावून ते तलावावर मारणं नियमातही बसत नाही. ज्या पाण्यावर जनावरं येतात तिथे हा विषयच नको.

किडे सोडण्याचा उपाय मला मनापासून आवडतो आणि त्यामागे खरं विज्ञान आहे. जलपर्णी मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तिथे तिला खाणारे भुंगेरे आहेत, आपल्याकडे ती आली तेव्हा ते बरोबर आले नाहीत. म्हणूनच ती इथे माजली. नियोकेटिना नावाचे दोन जातींचे सोंडे भुंगेरे 1982 पासून भारतात आणले गेले, इतर पिकांना ते खात नाहीत याच्या चाचण्या झाल्या आणि बंगळूरच्या तलावांवर ते सोडले गेले. तिथे काही तलावांवर दोन-तीन वर्षांत फार चांगला परिणाम दिसला. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही 1990च्या दशकात हेच भुंगेरे सोडले आणि शतकाच्या अखेरीस जलपर्णी झपाट्याने घटली. त्यात भुंगेऱ्यांचा वाटा किती आणि त्या सुमाराच्या वादळी लाटांचा व ढगाळ हवेचा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पुढे केनियाच्या बाजूच्या आखातात, जिथे नद्या शेतातली माती आणि सांडपाणी आणतात, ती पुन्हा वाढली.

तुम्ही किडे विकत आणण्याआधी एक तपासणी करा. भुंगेरे चाळीस वर्षं देशात आहेत आणि पुराबरोबर, झाडांबरोबर ते बरेच पसरलेत. तुमच्या तलावात ते आधीच असण्याची शक्यता बरीच आहे. दहा-बारा वेगवेगळ्या ठिकाणची पानं तोडा आणि उजेडात धरा. पानावर दोन-चार मिलिमीटरचे चौकोनी खरवडलेले डाग दिसले, जिथे हिरवा पापुद्रा गेलाय आणि मागचा पातळ पडदा राहिलाय, तर ते भुंगेऱ्यांचं खाणं. मग गड्ड्याजवळचा एक देठ उभा चिरा. आत पांढरी, बिनपायांची, तपकिरी डोक्याची अळी बोगदा करून बसलेली सापडेल. भुंगेरा स्वतः पाच मिलिमीटरचा, राखाडी-तपकिरी, दिवसा पानांच्या बेचक्यात लपलेला. असे डाग प्रत्येक पानावर असूनही तुमची जलपर्णी कंबरभर उंच वाढत असेल, तर आणखी हजार भुंगेरे आणून काही होणार नाही. ते खातात त्यापेक्षा वेगाने सांडपाणी तिला वाढवतंय, एवढाच त्याचा अर्थ. डाग अजिबात नसतील, तर मग जबलपूरच्या तण संशोधन संस्थेकडे किंवा कृषी विद्यापीठाकडे विचारणा करायला हरकत नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेची ही संस्था या विषयावर वर्षानुवर्षं काम करते.

इथे एक व्यावहारिक पेच आहे. भुंगेऱ्यांची अळी देठात वाढते आणि कोष मुळांवर, पाण्याखाली करते. अंड्यापासून पूर्ण भुंगेरा व्हायला दोन-तीन महिने लागतात. दर उन्हाळ्यात मशीनने सगळी जलपर्णी उचलली की भुंगेऱ्यांची अख्खी वसाहतही डंपरमध्ये जाते. म्हणून मशीन आणि भुंगेरे हे दोन्ही एकाच पाण्यावर चालवता येत नाहीत. मोठ्या धरणात, जिथे मशीन पोहोचूच शकत नाही, तिथे भुंगेऱ्यांना दोन-चार वर्षं निवांत देणं शहाणपणाचं. 40 एकरांचा तलाव माणसांच्या हातात येण्याएवढा आहे, तिथे मी राखणीवर भर देईन. व्हॉट्सॲपवर मध्य प्रदेशातल्या सारणीच्या सातपुडा जलाशयाचं उदाहरण फिरतं, किड्यांनी तलाव साफ केला म्हणून. ते खरं आहे, पण तिथली वनस्पती साल्व्हिनिया, म्हणजे दुसरंच एक तरंगतं तण, होती आणि तिचा भुंगेरा वेगळा. तो किडा तुमच्या जलपर्णीला तोंडही लावणार नाही.

गवत्या माशाबद्दल (ग्रास कार्प) कमी बोलतो, कारण त्यात फारसं काही नाही. तो पाण्याखालची मऊ पानं, हायड्रिलासारख्या वनस्पती आवडीने खातो. तरंगत्या, जाड देठांच्या जलपर्णीला तो जवळजवळ हात लावत नाही. सोसायटीला तो उत्पन्नासाठी सोडायचा असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या सल्ल्याने सोडा. जलपर्णीचा उपाय म्हणून नको.

बचत गटाचं खत. करा, पण ते काढण्याचं साधन मानू नका. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. तीन टनांची ट्रॉली धरली तरी तुमच्या तलावातून हजारावर खेपा निघतील, आणि प्रत्यक्षात जलपर्णी इतकी फुगीर असते की ट्रॉली वजनाने भरण्याआधी आकाराने भरते. एवढं ओलं वजन लांब वाहून नेणं कुठल्याच गटाला परवडत नाही. म्हणून काठापासून दूर, तलावाकडे उतार नसलेल्या जागेवर ती आठ-दहा दिवस पसरून वाळू द्या, मग हलवा. काठावरच ढीग लावला तर त्यातून गळणारं काळं पाणी पहिल्या पावसात परत तलावात जातं, म्हणजे काढलेलं नत्र-स्फुरद आपणच परत टाकल्यासारखं. खताचा ढीग पुरेसा तापला पाहिजे, नाहीतर कडेच्या थंड भागातल्या बिया तशाच राहतात आणि शेतातल्या चारीतून दुसऱ्या बंधाऱ्यात पोहोचतात. तुरे येण्याआधी काढलेल्या जलपर्णीचं खत म्हणूनच जास्त सुरक्षित. कारखान्याचं पाणी येत असेल तर थांबा: जलपर्णी जड धातू शोषून मुळांत साठवते. आधी प्रयोगशाळेतून तपासणी, मग खत, आणि तेही भाजीपाल्याला नको. देठांच्या टोपल्या-चटयांसाठी लागणारा माल अगदी थोडा असतो. तो गट जरूर चालवा, फक्त गावाची मिळकत जलपर्णी टिकून राहण्यावर अवलंबून होणार नाही एवढं बघा. तसं झालं की तिला शेवटपर्यंत काढायला कुणीच तयार होत नाही.

मग तुमच्या जागी मी काय करेन?

आत्ता दिवाळी झाली आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठतात आणि जलपर्णीची वाढ वर्षात सगळ्यात मंद असते. काढायची वेळ हीच. बहुतेक ठिकाणी प्रस्ताव, मंजुरी, निविदा यात मार्च उजाडतो आणि काम नेमकं तिच्या जोमाच्या काळात सुरू होतं. तेव्हा दिवसाला जेवढं काढाल त्यातलं बरंचसं ती मागून भरून काढते. या आठवड्यातच प्रस्ताव द्या, जानेवारीत मशीन पाण्याला लागलं पाहिजे.

काम वाऱ्याकडे बघून करायचं. मोकळी तरंगणारी जलपर्णी वारा ढकलेल त्या काठाला गोळा होते. लांब बूमचा पोकलेनही काठापासून पंधरा मीटरच्या आसपासच पोहोचतो, त्यामुळे जलपर्णी मशीनकडे आणायची. दोन होड्यांमध्ये जाड दोर धरून सोसायटीची माणसं थर ओढत काठाला आणतात. या कामात त्यांच्याइतकं तरबेज कुणी नाही. साफ झालेल्या भागाला लगेच तरंगता अडसर घाला: नायलॉनचा दोर आणि रिकामे प्लास्टिकचे कॅन किंवा बांबू. नाहीतर संध्याकाळचा वारा फिरला की दिवसभराचं काम वाया. ओढ्याच्या तोंडाशी असाच अडसर कायमचा हवा, म्हणजे वरून येणारी जलपर्णी तिथेच अडकते आणि दर आठवड्याला हाताने काढता येते. त्या अडसरामागे थोडी जलपर्णी पाणी शुद्ध करायला मुद्दाम ठेवावी, असाही सल्ला मिळतो. मी तो मानत नाही, कारण तो बियांचा आणि नव्या रोपांचा कायमचा कारखाना होतो. नत्र-स्फुरद शोषायला तिथे कर्दळ किंवा पाणकणीस लावा आणि वेळोवेळी कापून बाहेर न्या.

दुसऱ्या तलावावरून आलेलं मशीन पाण्यात उतरण्याआधी धुऊन घ्या. बादलीत आणि साखळ्यांत अडकलेले तुकडे, चिखलातल्या बिया, सगळं त्याच्याबरोबर येतं. जलपर्णी नसलेल्या तलावाला साल्व्हिनिया अशीच भेट मिळालेली मी पाहिली आहे.

जलपर्णी निघाल्यावर काठाची बेशरम मुळासकट काढा. नुसती तोडली तर महिन्याभरात फुटते, आणि तोडलेल्या फांद्या ओल्या जमिनीवर पडल्या तर त्याही मूळ धरतात.

आता पैशांचं, कारण खरा निकाल इथेच लागतो. टनावर पैसे दिले की ठेकेदाराला ओलं वजन आणि चिखल भरण्यात फायदा, आणि थोडी शिल्लक ठेवण्यातही. एकदा साफ केलेल्या क्षेत्रावर पैसे दिले की मधला भाग निघतो, काठ राहतो. मी सांगतो ते असं: निम्मी रक्कम पहिली साफसफाई झाल्यावर, उरलेली निम्मी पुढच्या बारा महिन्यांत, दर महिन्याच्या पाहणीनंतर. पाहणी बांधावर उभं राहून करायची नाही. होडीत बसून काठाकाठाने, फांद्या उचलून करायची. गुंठाभर दिसली तरी त्या महिन्याचा हप्ता थांबला पाहिजे.

आणि बारा महिन्यांची राखण शक्यतो मच्छीमार सोसायटीलाच द्या. ती माणसं रोज पहाटे पाण्यावर असतातच. दोन माणसं, एक होडी, लांब दांड्याचा पंजा, आठवड्यातून एक फेरी, मार्च ते जून दोन फेऱ्या. दिसला गड्डा की उचलायचा, मुळासकट, आणि काठापासून लांब टाकायचा. मेअखेर ओल्या गाळावरची रोपं खरवडायची आणि जूनच्या पहिल्या पुरानंतर ओढ्याच्या तोंडाशी खास लक्ष ठेवायचं. पोकलेनच्या बिलाशी तुलना केली तर हा खर्च किरकोळ आहे, पण तो अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर दिसला पाहिजे. साफसफाईच्या रकमेत तो बुडवला की पहिल्या वर्षीच गळून पडतो.

राहिला तो काळा मासा. तुम्ही वर्णन केलंय ते सकर माशाचं: अंगावर हाडाच्या पट्ट्यांचं कवच, पाठीवर शिडासारखा मोठा पर, पोटाच्या बाजूला चूषक तोंड. काही ठिकाणी मच्छीमार त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. हाही दक्षिण अमेरिकेतला, घरातल्या काचेच्या टाक्यांत शेवाळ खाण्यासाठी विकला जातो, मोठा झाला की कुणीतरी तलावात सोडून देतो. उजनीच्या मच्छीमारांना त्याचा त्रास चांगलाच माहीत आहे. काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, आणि तो काठात बिळं करून अंडी घालतो त्यामुळे मातीचे बांध पोखरले जातात. तुमचा बांध मातीचा असेल तर पाणी उतरल्यावर पाण्याच्या रेषेलगत बिळं दिसतात का ते पाहा.

त्याला तलावातून पूर्ण काढण्याचा खात्रीचा मार्ग नाही. चिलापी 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि आज आपल्या बहुतेक जलाशयांत ती घरचीच झाली आहे. पाण्यात रुजलेला मासा परत निघत नाही, हे तिच्याकडून कळतं. पण संख्या दाबून ठेवता येते. जाळ्यात आलेला सकर कधीही परत पाण्यात टाकायचा नाही. नुसता काठावरही फेकायचा नाही, कारण तो हवेतून श्वास घेऊ शकतो, तासनतास जिवंत राहतो आणि सरपटत पाण्यात जातो. मारून खड्ड्यात पुरायचा. सोसायटीने आठवड्याला किती सापडले याची वही ठेवावी आणि मत्स्यव्यवसाय विभागाला लेखी कळवावं. संख्या वाढतेय की घटतेय हे त्या वहीशिवाय कळणार नाही. तलावाकाठी कुणी आफ्रिकन मांगूर पाळत असेल तर तेही कळवा. त्याच्या पालनावर 2000 सालापासून बंदी आहे आणि पुरात शेततळं फुटलं की तो थेट तुमच्या तलावात येतो.

पुढचं नेमकं सांगण्यासाठी मला तीन गोष्टी कळवा: ओढ्याच्या तोंडाचे फोटो, मोरी चालू आहे की नाही, आणि दहा पानांवर भुंगेऱ्यांचे डाग मोजून आलेला आकडा. पानं तोडताना ती तलावाच्या चारही बाजूंनी घ्या, एकाच कोपऱ्यातली नको.